डोकं सगळ्यात शेवटी

कोलाडला कुंडलिका नदीत उतरण्याआधी लेक पोहण्याच्या तलावात कयाक शिकते आहे, असं एका वाचक आईनं कळवलंय. तिचा प्रश्न : ‘‘उलटल्यावर डोकं शेवटी वर काढ, असं शिकवतात. श्वास तर डोक्यालाच हवा ना?’’

प्रश्न लाखमोलाचा आहे. पण तलावातला पहिला धडा सुलटं होण्याचा नसतो, होडीतून सुटण्याचा असतो. पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला घातलेला घेरदार पडदा होडीच्या काठावर ताणून बसवतात. त्याची ओढायची पट्टी बाहेर राहिली आहे ना, हे आधी हातानं चाचपायचं. उलटल्यावर पुढे वाकायचं, होडीच्या बुडावर दोन-तीन थापा मारायच्या, पट्टी ओढायची आणि काठाला रेटा देऊन पाय सोडवायचे. नाकात पाणी शिरून मस्तकात झिणझिण्या येतात. त्या थापा मदतीची हाक असतातच, शिवाय तेवढ्यात घाबरलेला जीवही थाऱ्यावर येतो.

आता डोक्याकडे येऊ. त्याचं वजन साडेचार-पाच किलो. पाण्यात ते जवळजवळ जाणवत नाही, बाहेर येताच पुरतं जाणवतं. त्यातून ते बैठकीपासून सर्वांत लांब. लांब दांड्याच्या टोकाला अडकवलेलं वजनच म्हणा ना! ते आधी उचललं की होडी पुन्हा खाली दाबली जाते. म्हणून आधी कमरेच्या हिसक्यानं होडी फिरवायची, मग पाण्याचा आधार आहे तोवर धड आणायचं, डोकं अखेरीस. मुलं तलावाच्या काठाला धरून, कान खांद्याला टेकवून, हाच हिसका पुन्हा पुन्हा घोटतात. डोकं वर काढायची शरीराची उपजत ओढ सांगून जात नाही, सरावानंच जाते.

हा सगळा तोलाचा खेळ. तरंगणारी वस्तू कलंडल्यावर सावरेल की उलटेल, हे ठरवणाऱ्या बिंदूला ‘मेटासेंटर’ हे नाव दिलं फ्रान्सच्या पिएर बुगे यांनी, १७४६ सालच्या ग्रंथात. गंमत म्हणजे जहाजांवरच्या या ग्रंथाचा बराचसा भाग त्यांनी समुद्रापासून दूर अँडीजच्या डोंगरांत, पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर असताना लिहिला!

पण ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांच्या अंगातच हे ज्ञान होतं. कातड्याची होडी, कातड्याचाच अंगरखा तिच्या काठाला घट्ट बांधलेला आणि खाली बर्फगार पाणी. तिथं होडी सोडणं म्हणजे बहुधा मरणच, म्हणून होडीसकट सुलटं होणं आलंच पाहिजे. त्यांच्या अशा दहाएक पद्धती डेव्हिड क्रांट्झ या मिशनऱ्यानं अठराव्या शतकातच लिहून ठेवल्या. १९२७ साली एदी पावलाता या ऑस्ट्रियन माणसानं अशी वर्णनं वाचून ही कला साधली आणि त्या पद्धतीला ‘पावलाता रोल’ नाव पडलं. त्यांची जिद्द मोठीच, पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवावर उदार होऊन ही विद्या घडवली त्यांची नावं कुठंच नाहीत, हे मला खुपतं.

इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स ही विद्या थेट ग्रीनलंडवासीयांकडून शिकले, त्यात तरबेज झाले. ऑगस्ट १९३२मध्ये ते सीलच्या शिकारीला एकटेच गेले. नंतर त्यांची कयाक सापडली, ते नाही. म्हणून त्या आईला एवढंच सांगेन : तलावात लेक झकास सुलटी होऊ लागली, तरी नदीवर तिच्या अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि हाकेच्या अंतरावर दुसरी कयाक हवीच.