अश्वगंधा खरेदीदार कंपनी : नफ्याआधी रोकड पाहा

अश्वगंधेच्या मुळांची देशातील प्रमुख बाजारपेठ म्हणजे मध्य प्रदेशातील नीमच. तेथे माल न नेता अन्नपूरके बनविणाऱ्या लहान कंपनीशी थेट करार करावयाचा असल्यास तिचा ताळेबंद अवश्य तपासावा. नोंदणीकृत कंपनीचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतो.

समजा, कंपनीची वार्षिक विक्री १ कोटी व नफा १० लाख रुपये आहे. परंतु वितरकांकडून ४० लाख रुपये येणे बाकी आहे. अशा वेळी कागदावर नफा दिसला, तरी मुळांचे पैसे चुकते करण्यास रोकड अपुरी पडू शकते.

एकाच वनस्पतीवरील अवलंबित्व ही दुसरी जोखीम होय. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना केली. २०२३ मध्ये डेन्मार्कने अन्नपूरकांत या वनस्पतीच्या वापरास बंदी घातली. पानांवर किंवा निर्यातीवर विसंबलेल्या कंपनीचे उत्पन्न अशा एका निर्णयाने घटू शकते. पीक मात्र ५ ते ६ महिने शेतात असते.

म्हणून किमान दर, विथॅनोलाइड तपासणीची पद्धत व पैसे देण्याची मुदत करारात लेखी असावी आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी स्वाक्षरीपूर्वी ताळेबंदातील येणे, देणे व रोकड हे तीन आकडे शेतकरी गटास समजावून सांगावेत.