नुमाईशची गर्दी कशी मोजावी?

1938 मध्ये सुरू झालेली हैदराबादची नुमाईश करोनामुळे 2021 साली भरलीच नाही. 2022 च्या 1 जानेवारीस ती उघडली आणि दुसऱ्याच दिवशी थांबवावी लागली. फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली.

अशा वेळी 'दिवसाला अमुक तिकिटे' ही मर्यादा फसवी ठरते. तिसऱ्या प्रहरी मैदान मोकळे असते. दिवेलागणीनंतर मात्र सारे शहर नामपल्लीत लोटते. म्हणून मोजावीत ती एका वेळी आत असलेली माणसे, म्हणजे शिरलेल्यांतून बाहेर पडलेले वजा करून. तेवढ्यानेही भागत नाही. मैदान विस्तीर्ण खरे, पण आकाशपाळण्याच्या रांगेत माणसे खांद्याला खांदा लावूनच उभी राहतात. तिकिटावर वेळ नेमून दिली, तर ही रांग तुटते. दुकानदारांना मात्र विरळ संध्याकाळ परवडत नाही. कित्येकांची वर्षाची बेगमी या दीडेक महिन्यातच व्हायची असते.