पाहुण्यांच्या खुर्च्या

राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीला कोण कोण आले होते, ही यादी वर्तमानपत्रात सहसा बातमीच्या शेवटी येते. वाचक ती डोळ्यांखालून घालतो आणि पान उलटतो. मला मात्र अशा याद्या वाचण्याची जुनी खोड आहे. नव्या राजवटीचे सोबती कोण, सावकार कोण आणि उशिरा जागे झालेले कोण, हे त्या यादीत लख्ख दिसते. माझ्या पाहण्यातली अशी सर्वांत विलक्षण यादी १० मे १९९४ची आहे. त्या दिवशी प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जसमोर नेल्सन मंडेला यांनी दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली.

त्या दिवशी तिथे कोण नव्हते! अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर आणि हिलरी क्लिंटन होत्या. ब्रिटनचे प्रिन्स फिलिप होते. क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो होते. पॅलेस्टिनींचे यासर अराफत होते आणि इस्रायलचे अध्यक्ष एझर वाइझमनही होते. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी ही मंडळी एका माणसासाठी एका मांडवाखाली आली. मंडेलांनी आपल्याला कैदेत ठेवणाऱ्या एका गोऱ्या पहारेकऱ्यालाही निमंत्रण धाडले होते. सरन्यायाधीश मायकेल कॉर्बेट यांनी शपथ दिली. हिंदू, मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती प्रार्थना झाल्या. दोन राष्ट्रगीते वाजली, एक लढ्यातले आणि एक जुन्या राजवटीचे. दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिलेले एक दृश्य मला आजही आठवते: आकाशातून नव्या झेंड्याचे रंग सोडत गेलेली लष्करी विमाने. काही वर्षांपूर्वी हेच लष्कर मंडेलांच्या माणसांच्या मागावर होते.

पण या पाहुण्यांचा पूर्वेतिहास काही सारखा नव्हता. अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालणारा कायदा केला, तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी तो नकाराधिकाराने अडवला. काँग्रेसने तो नकार झुगारून कायदा अमलात आणला. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८७ मध्ये मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची गणना दहशतवादी संघटनांत केली होती. अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीतून मंडेलांचे नाव निघायला तर २००८ साल उजाडावे लागले. उलट कॅस्ट्रोंचे सैनिक अंगोलात दक्षिण आफ्रिकेच्या फौजांशी प्रत्यक्ष लढले होते. १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मंडेलांना कॅस्ट्रो आणि अराफत यांच्याशी असलेल्या मैत्रीबद्दल छेडण्यात आले. तुमचे शत्रू ते आमचेही शत्रू, हे आम्ही का मानावे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. चार वर्षांनी त्यांनी दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या. उशिरा आलेल्यांना त्यांनी दारातून परतवले नाही, आणि आधी आलेल्यांना त्यांच्यासाठी उठवलेही नाही.

भारताचे शिष्टमंडळ त्या मांडवात ताठ मानेने बसू शकले, याचे कारण १९४६ मध्ये आहे. स्वातंत्र्य मिळायच्या आधीच भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तसे करणारा तो पहिला देश. त्या वेळी आपल्या निर्यातीपैकी सुमारे पाच टक्के माल तिकडे जात असे, म्हणजे हा निर्णय फुकटचा नव्हता. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडित यांनी तिथल्या भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडला. माझ्या पिढीच्या लोकांना पासपोर्टवरचा तो शिक्का आठवत असेल: दक्षिण आफ्रिका वगळता सर्व देशांसाठी वैध. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी आली, तेव्हा भारताने न खेळता चषक सोडून दिला. म्हणूनच बहिष्कार उठल्यावर १९९१च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्रिकेट संघ पहिला सामना खेळायला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला, यात मोठे औचित्य होते. राजनैतिक संबंध १९९३ मध्ये पुन्हा जुळले आणि पुढच्याच वर्षी हा सोहळा आला.

आपल्या पाहुण्यांना समोरची इमारत कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली असेल. युनियन बिल्डिंग्ज हर्बर्ट बेकर यांनी बांधल्या आणि त्याच बेकरांनी पुढे दिल्लीत नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक उभारले. साम्राज्याच्या दोन टोकांना असलेली ही सख्खी भावंडे. प्रिटोरियातल्या इमारतीचे दोन पंख म्हणजे इंग्रज आणि बोअर या दोन गोऱ्या समाजांचे मीलन, अशी कल्पना होती. काळ्यांचा त्यात कुठे विचारच नव्हता. १९५६ मध्ये सुमारे वीस हजार स्त्रिया पासच्या सक्तीविरुद्ध इथेच चालून आल्या. त्यांच्या चार म्होरक्यांपैकी रहिमा मूसा भारतीय वंशाच्या होत्या.

ही इमारत पुरी होण्याआधी, १९१२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आपला एक पाहुणा दक्षिण आफ्रिकेत हिंडून गेला होता: नामदार गोपाळ कृष्ण गोखले. सरकारने त्यांची बडदास्त अशी ठेवली की रेल्वेचा खास सलून त्यांच्या दिमतीला होता. ज्या देशात गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून ढकलून देण्यात आले, त्याच देशात! सोबत गांधी होतेच. त्यांच्या आग्रहावरून जोहान्सबर्गमध्ये गोखले कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू मंडळींपुढे मराठीत बोलले, आणि भाषांतर केले गांधींनी. प्रिटोरियात जनरल बोथा आणि स्मट्स यांना भेटून गोखले बाहेर आले, ते गिरमिटिया मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होणार, या खात्रीने. गांधींना तेवढा भरवसा नव्हता. पुढच्याच वर्षी सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले. संप झाला, हजारोंचा मोर्चा ट्रान्सवालमध्ये शिरला, गांधी तुरुंगात गेले आणि १९१४ मध्ये तो कर गेला.

गोखल्यांची ही हकिगत मला मोलाची वाटते. पाहुण्याचा मान आणि त्याच्या माणसांचा मान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९१२ मध्ये गोखल्यांना सलून मिळाला आणि त्यांच्या देशबांधवांवरचा कर तसाच राहिला. १९९४ मध्ये चित्र उलटे होते. शपथविधीच्या आदल्या दिवशी फ्रेन जिनवाला, एक पारशी बाई, तिथल्या संसदेच्या सभापती झाल्या. सव्वीस वर्षे कैद भोगलेले अहमद कथ्राडा मंडेलांच्या निकटच्या सहकाऱ्यांत होते. दुल्ला ओमर, मॅक महाराज, जय नायडू मंत्री झाले. भारतातून गेलेल्यांची मुले-नातवंडे तिथे पाहुणी म्हणून आलीच नव्हती, ती यजमानांच्या घरची होती.

इथवर सगळे अभिमानाचे आहे. पण १९४६ची पुण्याई आपण किती दिवस खाणार? मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा खून झाला, तेव्हा आफ्रिकी राजदूतांनी आफ्रिका दिनाच्या सोहळ्यावर बहिष्कार टाकण्याचा इशारा दिला. पुढच्याच वर्षी ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमाव तुटून पडला. बहिष्काराचे हत्यार एकेकाळी आपण आफ्रिकेच्या बाजूने उचलले होते. ते आपल्यावर उगारण्याची वेळ आफ्रिकेच्या राजदूतांवर यावी, याची आपल्याला लाज वाटायला हवी. २०२३च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघाला जी-२०चे सदस्यत्व मिळाले. ते भारताच्या पुढाकाराने झाले आणि ते चांगलेच झाले. पण परिषदेतली खुर्ची ही गोखल्यांच्या सलूनसारखी असते. तिचा खरेपणा रस्त्यावर तपासला जातो.

पुण्यात आफ्रिकेतून शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे. त्यांना भाड्याने खोली मिळवताना काय ऐकून घ्यावे लागते, हे मी माझ्याच पेठेत ऐकले आहे. घरमालक आधी चेहरा पाहतो आणि मग जागा भरली म्हणून सांगतो. १९६५ मध्ये नायजेरियाचा एक तरुण लष्करी अधिकारी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन गेला. त्याचे नाव ओलुसेगुन ओबासांजो. १९८६ मध्ये तुरुंगातल्या मंडेलांना भेटलेल्या राष्ट्रकुलाच्या गटाचे ते एक प्रमुख होते, आणि २९ मे १९९९ रोजी त्यांनी नायजेरियाच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. मलावीचे अध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका दिल्ली विद्यापीठात शिकले होते.

आज जिन्यावरून परत पाठवलेल्या मुलांपैकी उद्या कोणाच्या शपथविधीला आपले शिष्टमंडळ जाईल, हे कोणी सांगावे! मंडेलांनी उशिरा आलेल्यांनाही खुर्ची दिली, हा त्यांचा मोठेपणा होता. प्रत्येक यजमान मंडेला असेल, असे धरून चालता येणार नाही. आफ्रिकेतल्या मांडवात आपली खुर्ची कोणत्या रांगेत असेल, याचा निकाल दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये जितका लागेल, तितकाच पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या दारातही लागणार आहे.