पेशीचा निर्णय आणि एंजिनाचा लगाम



‘पेशीनें निर्णय घेतला’ असें जीवशास्त्रज्ञ सहज बोलून जातात. पण जिला मेंदू नाहीं, मज्जातंतू नाहींत, तिनें निर्णय घ्यावा तरी कसा? या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर यंत्रविद्येकडून मिळतें.

आमच्या रोहा-खांबकडील भाताच्या मुलखांत तेलाच्या एंजिनावर चालणारी गिरणी जुन्या लोकांच्या चांगल्या परिचयाची. त्या एंजिनाला गव्हर्नर असतो. वेग वाढला कीं त्याचीं फिरतीं वजनें बाहेर फेंकलीं जाऊन तेल कमी होतें. वेग मंदावला कीं तीं आंत येऊन तेल वाढतें. कार्याची वार्ता कारणाकडे परत पोंचणें, हेंच नियंत्रणशास्त्राचें बीज होय. मात्र ही वार्ता उशिरा पोंचली तर एंजिन एकदां धांवतें, एकदां दमतें. असे हेलकावे केव्हां शमतात व केव्हां वाढतात, याचें गणित मॅक्सवेल यांनीं १८६८ सालीं मांडलें. पुढें १९४८ सालीं नॉर्बर्ट वीनर यांनीं हेंच शास्त्र यंत्रांस व प्राण्यांस सारखेंच लागू पडतें, असें प्रतिपादन केलें.

आतां आपल्या आंतड्यांत रहाणारा ई. कोलाय हा जिवाणू घ्या. ट्रिप्टोफॅन नांवाचें अमिनो आम्ल आपणांस दूध-डाळींतून घ्यावें लागतें. हा जिवाणू तें स्वतः बनवितो. परंतु बाहेरून आयतें मिळालें कीं तो आपला कारखाना बंद करतो. त्याचे लगाम तीन आहेत. तयार ट्रिप्टोफॅन पहिल्याच विकरावर बसून त्याचें काम थांबवितें. हा लगाम सर्वांत त्वरित चालतो. दुसरा लगाम जनुकाची नक्कल सुरू झाल्यावर ती मध्येंच तोडतो. तिसरा ती नक्कल आरंभूंच देत नाहीं. पण आधीं घडलेलीं विकरें शिल्लक असल्यामुळें त्याचा परिणाम सावकाश दिसतो.

एका लगामानें भागलें नसतें काय? पवईच्या आय. आय. टी. मधील वेंकटेश, भारतीय व रुहेला यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हाच प्रश्न नियंत्रणशास्त्राच्या गणितानें तपासला. परिस्थिति पालटली तरी ही व्यवस्था डळमळत नाहीं, याचें मर्म लगाम अनेक असण्यांतच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. केवळ त्वरित लगाम असता तर निरुपयोगी विकरें घडतच राहिलीं असतीं. केवळ सावकाश असता तर आज्ञा उशिरा पोंचली असती.

याचा व्यवहारांतही उपयोग आहे. जिवाणूकडून विपुल ट्रिप्टोफॅन काढून घेणाऱ्या उद्योगास हेच लगाम सैल करावे लागतात.

यंत्राची उपमा दिल्यानें जीव क्षुद्र ठरतो, असें मात्र कोणीं समजूं नये. गिरणीचा गव्हर्नर कारागीर घडवितो. पेशी आपला गव्हर्नर आपणच घडविते, आणि दुभंगतांना त्याची कृति दोन्ही लेकींच्या पदरांत घालते.