सरळ उडेल का?

१९५७च्या ऑक्टोबरात स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली शाळकरी पोरं रॉकेटच्या नादाला लागली. तयार काही मिळत नव्हतं, म्हणून इंधनापासून सगळा घरचा कारभार. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवूड या खाणीच्या गावात होमर हिकम आणि त्याच्या दोस्तांनी सुरुवातीलाच आईच्या बागेचं कुंपण उडवलं. पुढे ते जस्ताची पूड आणि गंधकापर्यंत पोचले, खाणीच्या वर्कशॉपमधून नोझल कातून घेतली आणि १९६० साली राष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात पदक मिळवलं. त्यांचं नशीब थोर. धातूच्या नळीत दारू ठासताना बोटं गमावलेली पोरंही त्याच काळातली. कोलवूडच्या पोरांवर निघाला तसा सिनेमा त्यांच्यावर कुणी काढला नाही.

गंमत म्हणजे यावरचा तोडगा स्पुटनिकच्या आधीच निघाला होता. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचं दुकान चालवणारे ऑरव्हिल कार्लाइल शोभेच्या दारूचे शौकीन, तर भाऊ रॉबर्ट विमानांची मॉडेलं करणारा. १९५४ मध्ये दोघांनी कागदी नळी, बाल्सा लाकडाचे पंख, पॅराशूट आणि एकदाच वापरायचं इंजिन अशी जुळणी केली. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या हॅरी स्टाइन यांनी ती उचलून धरली. इंजिनांचा पुरवठा तेवढा अपुरा पडे. तो प्रश्न डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी सोडवला. १९५९ मध्ये त्यांचं ‘मेबल’ नावाचं यंत्र साधारण साडेपाच सेकंदांना एक इंजिन बनवू लागलं. जिवावरचा धोका बराचसा टळला.

राहिली ती चिकाटीची कामं. पंख बाल्साच्या पातळ फळीतून पात्याने कापायचे, तेही लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवून. चुकलं तर उतरताना पंख मोडलाच. मग सीलरचा हात, वाळवण, पॉलिश पेपर, पुन्हा सीलर. लाकडाची रंध्रं बुजेपर्यंत हेच. पण मला विचाराल तर खरी अडचण सुतारकामाची नव्हतीच. हे सरळ उडेल का, हे आधी कळायचं कसं? गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे हवा, एवढं ठाऊक होतं. गुरुत्वमध्य बोटावर तोलून सापडतो. दाबकेंद्र कुठे शोधणार? रॉकेटची आकृती पुठ्ठ्यातून कापायची आणि ती जिथे तोलली जाईल तिथे दाबकेंद्र आहे असं धरून चालायचं. हा अंदाज फार सावध होता, त्यामुळे पंख उगाच मोठे होत. किंवा मग गुरुत्वमध्याशी दोरी बांधून रॉकेट गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवायचं आणि नाक पुढे राहतंय का ते पाहायचं. १९६६ मध्ये जेम्स बॅरोमन या नासाच्या अभियंत्याने दाबकेंद्र काढायची सूत्रं छंदिष्टांपुढे ठेवली. तरी आकडेमोड कागद-पेन्सिलनेच. आज ओपनरॉकेट हे फुकट सॉफ्टवेअर पंखाची कड जराशी ओढली की नवं दाबकेंद्र दाखवतं, आणि पंख लेसरने कापून मिळतात.

उंची मोजणं हा तर वेगळाच तमाशा. ठरावीक अंतरावर दोघांनी कोनमापक घेऊन उभं राहायचं, रॉकेट शिखरावर पोचल्याचा क्षण पकडायचा, मग त्रिकोणमितीची कोष्टकं. स्पर्धेत दोन बाजूंच्या उत्तरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की ते उड्डाण बाद. बोटभर अल्टिमीटर आल्यावर हे वाद मिटले. फक्त रॉकेट झाडावर अडकलं, तर मोजलेली उंचीही त्याच्यासोबत तिथेच राहते.