कुठली पिढी भारी?

कोल्हापुरात वादाला विषय कधी कमी पडत नाहीत. तांबडा चांगला की पांढरा, खरी मिसळ कुठल्या गल्लीत मिळते, यंदा पेठेतला कुठला फुटबॉल संघ बाजी मारणार... आणि या सगळ्यांच्या वरताण विषय म्हणजे गाड्या! दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघायला लोक पोरांना खांद्यावर घेऊन उभे राहतात. उद्यमनगरात इंजिनाचे भाग बनवणाऱ्यांची तिसरी पिढी लेथवर उभी आहे. अशा गावात गाडीवरून वाद झाले नाहीत तरच नवल.

हे वाद बहुतेक पुरुषांचे. आपण चहाचा ट्रे नेऊन ठेवायचा, आणि काही विचारलंच तर "तुला काय कळतंय त्यातलं?" हे ऐकून परत यायचं. पण मैत्रिणींनो, आता रेसिंगची गाडी आपल्या मुली चालवायला निघाल्यात. तेव्हा हा वाद काय आहे, हे एकदा नीट समजून घ्यायला काय हरकत आहे?

वाद असा, की खास शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनलेल्या गाडीची कुठली पिढी सगळ्यात चांगली? जगभर हा वाद चालतो. पोर्शे कंपनीची '९११ जीटीथ्री' घ्या. १९९९ साली ती पहिल्यांदा आली. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या वीसेक किलोमीटरच्या अवघड ट्रॅकला फेरी मारायला पहिल्या पिढीला आठ मिनिटांना थोडा कमी वेळ लागायचा. २०२१च्या पिढीनं तेच अंतर सात मिनिटांच्या आत कापलं. मग नवीच चांगली, वाद संपला? छे! २०१३ साली कंपनीनं या गाडीतलं क्लचचं पेडल काढून टाकलं आणि गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा बसवली. गाडी आणखी वेगवान झाली, पण चाहते म्हणाले, "आमच्या हातापायांना काम काय उरलं?" शेवटी २०१७ साली हातानं गिअर टाकायची सोय पुन्हा द्यावी लागली. मिक्सर आल्यावरही पाट्यावरच्या वाटणाची आठवण काढणाऱ्या आपल्या सासवांना हे लगेच कळेल!

ती गाडी आपल्या दारात कुठून येणार? पण आपल्याकडेही याच वादाचं देशी रूप आहे, आणि कोल्हापूरचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. इथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर रोटॅक्स मॅक्स या राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ साली थेट ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. कार्टिंगपासून सुरुवात करून पुढं एक सीटच्या, उघड्या चाकांच्या गाडीत बसायचं, हा रस्ता आपल्या पोरांना माहितीचा आहे.

आमच्या घरातली पुतणी याच रस्त्यावर आहे. पंधरा वर्षांची. तीन वर्षं कार्ट चालवतीय. आता पुढं काय, असा विषय निघाला, आणि घरात तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष माझ्या दिरांचा. त्यांचं सगळं मन 'फॉर्म्युला मारुती'त. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी ही गाडी बनवली. त्याआधी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, पण खास रेसिंगच्या गाड्या असायच्या त्या राजेरजवाड्यांच्या नाहीतर उद्योगपतींच्या. करिवर्धन यांनी साधा विचार केला. मारुती ८०० गावोगाव पोचलीय, तिचं इंजिन स्वस्त, दुरुस्तीला सोपं. तेच पोलादी नळ्यांच्या हलक्या सांगाड्यात बसवलं. जेमतेम आठशे सीसी, तीन सिलिंडर! आपण जिच्यात बसून नरसोबाच्या वाडीला जायचो, तिचंच हृदय. सगळ्यांना सारखीच गाडी, म्हणजे जिंकायचं ते पैशावर नाही, हातावर. नारायण कार्तिकेयनची सुरुवात याच गाडीतून झाली, आणि २००५ साली तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन मात्र ते बघायला नव्हते. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा.

"वहिनी, ह्या गाडीनं दार उघडलं म्हणून बाकीचे आत आले," दीर म्हणतात. मुद्दा खोटा नाही.

दुसरा पक्ष दिरांच्या कारखान्यातल्या मिस्त्रींचा. ते 'एलजीबी फॉर्म्युला फोर'चे. कोइमतूरच्याच एलजीबी कंपनीच्या नावानं आलेली ही पुढची पिढी. इंजिन स्विफ्टचं, तेराशे सीसीचं. सांगाडा पुन्हा नळ्यांचाच. पण गंमत पुढं आहे. या गाडीला पंख नाहीत. शर्यतीच्या गाडीला पुढं-मागं जे पंख असतात, ते विमानाच्या पंखाच्या उलटे. विमानाला हवा वर उचलते, इथं ती गाडीला खाली दाबते, म्हणजे वळणावर टायर रस्ता सोडत नाहीत. पंख नसले की सगळी मदार टायरवर आणि चालवणाऱ्याच्या अंदाजावर.

मिस्त्रींनी मला हे पन्हाळ्याचं उदाहरण देऊन समजावलं. "वैनी, पन्हाळ्याच्या चढाला लुना नेलीसा का कधी? एकदा वेग तुटला की परत येतोय व्हय? मग वळणाला ब्रेक कमी मारायला आपुआप शिकतंय माणूस. मोठ्या इंजिनाची गाडी चूक झाकती. ही झाकत न्हाई."

पंख नसल्याचा आणखी एक फायदा. पंखांची गाडी पुढं असली की तिच्यामागची हवा ढवळून निघते, मागच्या गाडीच्या पंखांना धड हवाच मिळत नाही, त्यामुळं वळणावर जवळ राहणं अवघड होतं. बिनपंखांच्या गाड्या मात्र एकमेकींच्या मागं चिकटून पळतात, आडोशाचा फायदा घेऊन पुढं सरकतात. एका फेरीत चार वेळा नंबर बदलतो. बघायला मजा, आणि शिकायला त्याहून जास्त. नवी पिढी येऊनही २०२४च्या राष्ट्रीय स्पर्धेत ही गाडी होतीच, ती याच गुणांवर.

यांच्या अध्येमध्ये 'फॉर्म्युला बीएमडब्ल्यू' नावाची एक परदेशी गाडीही आपल्याकडं पळून गेली. तिचं इंजिन चक्क मोटरसायकलचं! याच मालिकेत २००४ साली जर्मनीत सेबास्टियन व्हेटेलनं वीसपैकी अठरा शर्यती जिंकल्या होत्या. तिची बाजू घेणारं मात्र आमच्या घरात कुणी नाही, म्हणून पुढं जाऊ.

तिसरा पक्ष माझ्या मुलाचा. त्याला नवीच गाडी हवी. 'इंडियन फॉर्म्युला फोर'. २०२३ साली तिचा पहिला मोसम झाला. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात बसणारी गाडी. सांगाडा फ्रान्सच्या मिगालचा, कार्बन फायबरचा. टर्बो इंजिन, पुढं-मागं पंख, स्टिअरिंगच्या मागं बोटानं ओढायचे गिअर. २०२४च्या ऑगस्टअखेरीस चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर रात्री दिव्यांच्या उजेडात तिच्या शर्यती झाल्या. "काकांच्या गाडीनं दार उघडलं असंल, पण पुढं परदेशात जायचं तर हीच भाषा यायला पाहिजे," असं त्याचं म्हणणं. त्याचंही चूक नाही. इथं शिकलेलं मूल उद्या युरोपात अशाच गाडीत बसू शकतं.

तासभर हा वाद चालला. सीसी झालं, फेरीचा वेळ झाला, गिअर झाले. माझी धाकटी जाऊ, म्हणजे पोरीची आई, इतका वेळ गप्प होती. मग तिनं एकच विचारलं, "ह्या तिन्हीत पोरीच्या डोक्यावर काय असतंय?"

सगळे एकदम गप्प झाले.

मैत्रिणींनो, मला वाटतं, या वादातला सगळ्यात अभ्यासू प्रश्न तो होता. पहिल्या दोन पिढ्यांत डोक्यामागं लोखंडी कमान असते, गाडी उलटली तर भार तिच्यावर यावा म्हणून. पण समोरून उडून आलेलं चाक, वरून आलेली दुसरी गाडी? तिथं फक्त हेल्मेट. तिसऱ्या पिढीत मात्र डोक्याभोवती 'हेलो' असतं. मधोमध एक दांडा आणि वर गोलाकार जाड कडं.

फॉर्म्युला वनमध्ये हेलो २०१८ साली सक्तीचं झालं, तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. लोक म्हणाले, ही तर गाडीला चप्पल घातलीय! आकारही तसाच, अंगठा आणि पट्टे. आता चपलेला नावं ठेवलेली कोल्हापूरकरांना कशी चालतील? चेष्टा बाजूला ठेवू. हेलोच्या विरोधकांत रोमाँ ग्रोजाँ हा फ्रेंच ड्रायव्हरही होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये त्याची गाडी लोखंडी कठडा फोडून आत घुसली, दोन तुकडे झाले, पेट घेतला. कठड्याचा तो मार हेलोनं झेलला. अर्ध्या मिनिटाच्या आत तो त्या आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, हात भाजलेले, पण जिवंत. नंतर त्यानं आपलं मत जाहीरपणे बदललं.

जाऊचा प्रश्न ऐकून पुतणी मात्र हसली. म्हणाली, "आई, तीन वर्षं मी कार्ट चालवतीय, त्याला साधा पट्टा तरी असतोय का?" खरंच नसतो! कार्टला डोक्यामागं कमान नसते, त्यामुळं ते उलटलं तर पट्ट्यानं जखडून राहण्यापेक्षा बाहेर फेकलं जाणं कमी धोक्याचं, असं त्यामागचं शास्त्र आहे. म्हणूनच कार्टिंगमध्ये हेल्मेट, बरगड्यांचं जाकीट, मानेचा आधार यांना महत्त्व. जाऊला हे तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं असं नाही. "काळजी करू नका" एवढंच उत्तर तिला दर वेळी मिळत होतं. बायकांच्या प्रश्नाला काळजी म्हणायचं आणि पुरुषांच्या प्रश्नाला टेक्निकल, ही रीत जुनीच आहे!

एक गोष्ट मात्र या सगळ्या गाड्यांच्या बाजूनं सांगायला हवी. या गाड्यांच्या शर्यतीत मुलींनाही उतरता येतं. त्याच ट्रॅकवर, त्याच रांगेत मुलांबरोबर उभं राहायचं. २०१८ साली एलजीबी फॉर्म्युला फोरमध्ये सगळ्या मुलींचा एक संघ उतरला. त्यात आपल्या मराठी सिनेमातली मनीषा केळकर होती, विमान चालवणारी स्नेहा शर्मा होती. बंद टपाच्या मोटारींत तर पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी २०२४च्या ऑगस्टमध्ये मद्रासच्या ट्रॅकवर राष्ट्रीय विजेतेपदच पटकावलं. असं करणारी ती पहिली भारतीय महिला, आणि दोन मुलांची आई!

मग शेवटी कुठली पिढी भारी? मला विचाराल तर तिन्ही पक्ष तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. रेसिंग सामान्य घरात कुणी आणलं? फॉर्म्युला मारुतीनं. हात कुठली गाडी घडवते? एलजीबी. आणि वेग, पुढचा रस्ता? तो नव्या फॉर्म्युला फोरचा. पण ज्या घरातलं पोर त्या सीटवर बसणार आहे, त्या घरानं पहिला गुण डोक्याभोवतीच्या त्या कड्याला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. जुन्या गाडीवर प्रेम जरूर करावं. पण "आमच्या वेळी काय होतं? आम्ही नाही का जगलो?" हे वाक्य सुरक्षिततेच्या बाबतीत कुणाच्या तोंडून ऐकून घेऊ नये. हुंडीच्या पैशासारखी पोरं पणाला लावायची नसतात.

आमच्याकडं ठरलंय ते असं. पुतणीनं अजून एक मोसम कार्टिंग करायचं, व्यायामानं मान आणि खांदे तयार करायचे, कारण या गाड्यांना आपल्या कारसारखं हलकं पॉवर स्टिअरिंग नसतं. मधल्या काळात जाऊनं स्वतः जाऊन दोन्ही गाड्या जवळून बघायच्या. पट्टे किती ठिकाणी बांधतात, मानेला आधार कोणता, आगीपासून वाचवणारा पोशाख कसला, ट्रॅकवर डॉक्टर आणि रुग्णवाहिका कुठं उभी असते, हे सगळं तिनं वहीत लिहून घेतलंय. मिस्त्री तर म्हणाले, "वैनी, तुमची यादी आमच्यापेक्षा पक्की हाय."

तुमच्या घरातही कार्ट, मोटरसायकल नाहीतर आणखी कसलं वेगाचं वेड शिरलं असेल, तर नुसतं नको म्हणू नका आणि नुसतं हो पण म्हणू नका. वादात खुर्ची ओढून बसा आणि प्रश्न विचारा. चहा त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी केला तरी चालेल!