तंतुकणिकेतून आलेला निरोप

मुलांनो, आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. पेशी इतकी लहान असते, की ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. तिच्या आत केंद्रक असते आणि केंद्रकात डीएनएचे बारीक धागे असतात. माणसाच्या एका पेशीतील हे धागे एकापुढे एक ठेवले, तर त्यांची लांबी सुमारे २ मीटर भरेल! गावच्या चावडीत जसे गावाचे दप्तर, तसे हे पेशीचे दप्तर. कोणते प्रथिन कसे बनवायचे, हे त्यात नोंदलेले असते.

केंद्रकाबाहेर तंतुकणिका असतात. त्यांना पेशीच्या चुली म्हणा. अन्नातील ऊर्जा त्या पेशीला वापरता येईल अशा रूपात आणतात.

डीएनएला इजा होते बरे का! कडक उन्हातील अतिनील किरणे, तंबाखूचा धूर, क्ष-किरण यांमुळे ती होते. पेशीच्या रोजच्या कामामुळेही होते. एकेका पेशीत दिवसाला अशा हजारो इजा होतात. पण घाबरू नका. दुरुस्ती करणारी प्रथिने पेशीतच असतात आणि बहुतेक इजा ती भरून काढतात.

इजा फारच मोठी असली तर? फाटक्या दप्तरावरून काम करणारी पेशी शरीराला घातक ठरू शकते. कर्करोगाची सुरुवात अशाच पेशीतून होते. म्हणून पुष्कळदा अशी पेशी स्वतःच मरते. मरण्याच्या तिच्या वाटा अनेक आहेत. त्यांपैकी एक वाट तंतुकणिकेतून निघते.

१९९९ साली फ्रान्समधील गीडो क्रोमर यांनी एआयएफ या प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. कॅनडातील टोरांटो शहरात काम करणारे जोसेफ पेनिंगर हे त्यांचे एक सहकारी होते. एआयएफ राहते तंतुकणिकेत. तेथे ते ऊर्जेच्या कामाला हातभार लावते. गंमत अशी, की ते बनवण्याची कृती केंद्रकातल्या डीएनएमध्येच लिहिलेली असते. २००१ साली टोरांटोच्या प्रयोगशाळेत उंदराच्या काही पेशी एआयएफवाचून वाढवल्या. मग त्यांच्या पोषणातला एक आवश्यक भाग तोडला. साध्या पेशी मेल्या असत्या. या मात्र सहजी मरेनात.

आता तुम्ही विचाराल, केंद्रकातली बातमी तंतुकणिकेला कळते कशी? अमेरिकेतील बाल्टिमोरचे शास्त्रज्ञ आणि कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाचे गी प्वारिये यांनी मिळून २००२ साली या कोड्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. केंद्रकात पार्प नावाचे प्रथिन पहारा करते. धागा तुटला, की पार्प तेथे चिकटते आणि बारीक कणांच्या साखळ्या विणू लागते. इजा थोडी असेल, तर साखळ्या दुरुस्तीच्या प्रथिनांना बोलावतात. इजा मोठी असेल, तर साखळ्या फार होतात. त्यांतल्या काही केंद्रकाबाहेर पडून तंतुकणिकेपर्यंत पोहोचतात, हे पुढे २००६ साली दिसून आले. मग एआयएफ आपले घर सोडते आणि थेट केंद्रकात शिरते. तेथे डीएनए आकसतो, त्याचे तुकडे होतात आणि पेशी मरते.

एआयएफला स्वतःला डीएनए कापता येत नाही. मग कापते कोण? उत्तर मिळायला २०१६ साल उजाडले. एआयएफ आपल्याबरोबर एमआयएफ नावाचे दुसरे प्रथिन केंद्रकात नेते. कापण्याचे काम ते करते.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडला, म्हणजे तेथील पेशींतही हाच निरोप सुटतो. पण तेव्हा पेशी मरणे शरीराच्या हिताचे नसते. शास्त्रज्ञांनी काही उंदरांत एमआयएफ तयारच होऊ दिले नाही. त्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ रोखला, तेव्हा इतर उंदरांपेक्षा त्यांच्या मेंदूची हानी कमी झाली.